शेडकार्ड आणि दुर्बीण

…नाही, आणि वर मलाच विचारतात, संडासातलं शेडकार्ड कुणी हलवलं? म्हणजे बघा. संडासात शेडकार्ड का आहे, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडत नाही. ते तिथून हललं का, हा पडतो. मी चिडलेली नाही हं, मी फक्त सांगतेय.

शेडकार्ड म्हणजे ते हो, रंगाच्या दुकानात मिळतं ते. घडीघडीचं, त्यावर रंगांचे छोटे छोटे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाखाली कविता करायची राहून गेलेल्या कुणीतरी दिलेलं नाव. 'शांत किनारा.' 'पहाटेचं धुकं.' असतो आपला साधा करडा. माझ्या बाबांचं रंगाचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या घरी शेडकार्डं अशी पडलेली असतात जशी दुसऱ्यांकडे वर्तमानपत्रं. पण संडासात? तिथे वाचायला?

तुम्हाला सांगते, माझ्या बाबांइतका रंग ओळखणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतका हट्टी माणूसही पाहिलेला नाही, आणि या दोन गोष्टी एकाच देहात एकत्र आल्या की काय होतं ते मी भोगलंय. लोक दुकानात काय काय घेऊन येतात… शर्टाचं बटण, फुटलेल्या फरशीचा तुकडा, मुलीची रिबीन, आणि म्हणतात, अगदी असाच रंग द्या. एक बाई तर मांजर घेऊन आली होती. म्हणाली, सोफ्यामागची भिंत या रंगाची करून द्या, म्हणजे चिकटलेले केस दिसणार नाहीत. दुसरा कुणी असता तर हसला असता. बाबांनी मांजर दुकानाबाहेर उजेडात नेलं, या कुशीवरून त्या कुशीवर केलं, डोळे बारीक केले, आणि दोन-तीन डब्यांतून काढून, काठीने ढवळून, असा रंग करून दिला की ती बाई थोड्या दिवसांनी परत आली, मांजर सापडत नाही म्हणून!

कंपनीने दुकानात रंग मिसळायचं मशीन दिलंय, कॉम्प्युटरवालं. बटण दाबलं की रंग तयार. बाबा त्या मशीनकडे असं बघतात, जसं लग्नात न बोलावता जेवायला बसलेल्या माणसाकडे बघावं. वापरतात, पण बोलत नाहीत त्याच्याशी.

तर एका सकाळी मला ते शेडकार्ड संडासाच्या खिडकीत दिसलं. लाल रंगांच्या पानावर उघडं. मला वाटलं, झालं, आता हे संडासाला लाल रंग देणार. मी बाहेर आले आणि उभ्या उभ्या भाषण ठोकलं, की बाबा, माणूस तिथे सकाळी शांतपणे बसायला जातो, लाल रंगात कोण शांत बसेल, आणि या घरात काही ठरवताना मला विचारायची पद्धत कधी सुरू होणार आहे? बाबांनी सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप विसळला आणि दुकानात निघून गेले. भिंतीपुढे बोलावं तसं. आणि आत्या मलाच म्हणाली, सकाळी सकाळी कशाला कटकट करतेस त्याला.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा आमच्याकडे चार दिवस सांभाळायला म्हणून आली. माझी शाळा झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, पण तिचे ते चार दिवस अजून चालूच आहेत. म्हणजे घरात आम्ही तिघं. बाबा, जे काही सांगत नाहीत. आत्या, जी सगळं सांगते पण नाव घेऊन सांगत नाही. आणि मी, जिला दोघंही हळू बोल म्हणतात.

मग एक दिवस फ्लशची टाकी बिघडली आणि बाबांच्या पाठोपाठ मी आत गेले. पुढचं वर्णन मी करत नाही, तुमच्यातले काही जण जेवून आले असतील. एवढंच सांगते की मला ते दिसलं, आणि ते शेडकार्ड तिथे कशाला ठेवलंय ते त्याच क्षणी कळलं. हा माणूस रोज सकाळी रंग जुळवून बघत होता.

बाहेर येऊन मी विचारलं, बाबा, हे काय आहे. म्हणाले, बीट. मी म्हटलं, आपल्या घरात बीट कधी आलं? म्हणाले, बाहेर खाल्लं. ऐका हं. जो माणूस रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घरी जेवायला येतो, जो दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा चव बघून पितो, तो बाहेर बीट खातो. लोकांचे वडील चोरून सिगारेट ओढतात, माझे वडील चोरून बीट खातात!

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. रक्त जात होतं. रोज नाही, मधूनमधून. कधीपासून? थंडी होती तेव्हापासून. आणि आता आम्ही पंखे लावून झोपत होतो. ऋतू बदलला, पण या माणसाने तोंड उघडलं नाही. आणि का उघडलं नाही? तर त्यांचा एक सिद्धान्त तयार होता. रक्त गडद असेल तर ते लांबून येतं, वाटेत त्याचा रंग उतरतो. हे लखलखीत आहे, म्हणजे जवळचं. जवळचं म्हणजे मूळव्याध. आणि मूळव्याध म्हणजे काही आजार नाही, ज्याला दिवसभर स्टुलावर बसायचं काम आहे त्याला ती व्हायचीच. हा सिद्धान्त अर्धा त्यांचा आणि अर्धा शेजारच्या केमिस्टकाकांचा, ज्यांनी मलमाच्या ट्यूबा विकल्या आणि ज्ञान फुकट दिलं. मी बाबांना म्हटलं, अहो, तुम्ही स्वतःच्या शरीराचं निदान शेडकार्डावर करताय? तर मला काय म्हणाले माहितेय? म्हणाले, कार्डात तो रंग नाहीच, हाताने करावा लागेल.

मी चिडलेली नाही हं, मी फक्त सांगतेय.

मग आत्याच्या कानावर गेलं. आत्याच्या तोंडात 'रक्त' हा शब्द येत नाही, 'संडास' येत नाही, आणि त्या जागेचं नाव तर शब्दकोशातही असू नये असं तिचं मत आहे. त्या सगळ्याला ती 'तिकडे' म्हणते. त्याला तिकडे उष्णता झाली असेल. तिकडे काही लावलंय का त्याने? तिकडचं असं चारचौघांत बोलू नये गं. मी म्हटलं, आत्या, चारचौघं कुठेत, आपण तिघंच आहोत, आणि तिकडे म्हणजे कुठे, गच्चीवर? तर म्हणाली, शिकलीस आणि जिभेचं हाड गेलं. जसं काही शिकण्याआधी होतं.

शेवटी मी बाबांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे काय, दुकानात जाऊन शटर खाली ओढलं. डॉक्टरांनी हातमोजा चढवला, पडद्यामागे नेलं, आणि थोड्या वेळाने बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी त्यांच्यासमोर म्हणालं असावं की पांढरा म्हणजे काय, सगळे पांढरे सारखेच. डॉक्टर म्हणाले, मूळव्याध दिसत नाही, बोटाला काही लागलं नाही, पण रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बऱ्यापैकी कमी आलंय. म्हणजे रक्त जातंय हे खरं, कुठून जातंय ते समजत नाही. आणि त्यांनी पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

या डॉक्टरीणबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. छान होत्या हो, शांत. बाबांनी त्यांना बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, की या? या मुलीला मी हे सांगू? बाईंनी विचारलं, काका, रक्ताचा रंग कसा असतो, लाल भडक की गडद? आणि तुम्हाला सांगते, तोपर्यंत जो माणूस टेबलाच्या कडेकडे बघत हो-नाही एवढंच बोलत होता, तो एकदम ताठ बसला, शर्टाच्या खिशातून शेडकार्ड काढलं आणि टेबलावर उलगडलं! म्हणाले, हा आणि हा, यांच्या मधला, पण जराही निळ्याकडे न जाता. सुरुवातीला हा होता, आता इकडे सरकलाय. मी टेबलाखाली जायच्या बेतात. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड हातात घेतलं, नीट बघितलं आणि म्हणाल्या, काका, इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

बाबा फुलले. माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की बघ.

आणि मग बाईंनी कार्ड घडी करून परत दिलं आणि म्हणाल्या, "पण रंगावरून जागा कळत नाही, काका. अंदाज येतो, आणि अंदाज चुकतो. आत बघावंच लागेल."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कोलोनोस्कोपी. बोटाएवढी जाड, लवचिक नळी, तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा. मागच्या बाजूने आत घालून मोठं आतडं शेवटपर्यंत बघायचं. झोपेचं औषध देतात, फारसं कळत नाही. बाबांनी विचारलं, काय असू शकतं? बाई म्हणाल्या, मूळव्याध आतल्या बाजूची असू शकते, सूज असेल, साधी गाठ असेल. आणि तुमच्या वयाला कॅन्सरही असू शकतो, म्हणूनच बघायचं. हे त्यांनी आवाज न चढवता, न उतरवता सांगितलं. बाबांनी शेडकार्ड खिशात ठेवलं. एकदा ठेवलं, मग परत काढून सरळ करून ठेवलं.

घरी येऊन म्हणाले, मी जाणार नाही.

का? तर काही नाही. दुकान आहे. सीझन आहे. रंगाला सीझन असतो, मान्य, पण आतड्याला असतो का? मग म्हणाले, आता रक्त कमी झालंय. मग म्हणाले, त्या बाई लहान आहेत. मी काय काय नाही केलं! मी ओरडले. मी समजावलं. मी इंटरनेटवरून माहिती काढून जेवताना मोठ्याने वाचली, तर आत्या ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडे गिऱ्हाईक येतं, भिंतीला ओल आलीय, वरून रंग मारून द्या म्हणतं, तर तुम्ही त्याला काय सांगता? आधी पाणी कुठून येतंय ते बघ, मगच माझ्याकडे ये, हेच सांगता ना? मला वाटलं, आता अडकले. बाबा म्हणाले, भिंत खरवडली तर भिंतीला लाज वाटत नाही. आणि कूस बदलून झोपले. सांगा, यावर काय बोलणार? तरी मी बोललेच.

आणि आत्या? आत्या त्यांच्याच बाजूने! आमच्या घराण्यात कुणाच्या तिकडे दुर्बीण घातलेली नाही, म्हणाली. जसं काही घराण्याने ठरावच केला होता.

असं किती दिवस चाललं विचारू नका, माझा घसा बसला. आणि मग एका संध्याकाळी बाबा दुकानातून आले, जिना चढून, आणि वरच्या पायरीवर बसले. दम लागला होता. ओठ पांढरे. आत्या दार उघडायला गेली होती. तिने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तिथेच उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "हे बघ, मी मोठी आहे. माझ्या आधी जायचं नाही. उद्या या पोरीबरोबर जा आणि घालून घे ती दुर्बीण."

बाबा म्हणाले, "बरं, ताई."

बरं ताई! मी घसा फोडून घेतला, मी इंटरनेट पालथं घातलं, मी ओल आलेल्या भिंतीचा इतका सुरेख दृष्टान्त दिला, आणि काम कुणी केलं? आत्याच्या एका वाक्याने. तेही जिन्यात. मी चिडलेली नाही हं, मी फक्त सांगतेय… आणि हो, 'दुर्बीण घालून घे' म्हणाली. पहिल्यांदा 'तिकडे' नाही म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. अहो, खरी गंमत तर तयारीत असते. दुर्बीण घालायची तर आतडं आतून लख्ख हवं. दोन दिवस आधीपासून हलकं खायचं, सालं-बिया काही नाही. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक. भाज्यांचं गाळलेलं पाणी, सफरचंदाचा गाळलेला रस, बिनदुधाचा चहा. आणि लाल-जांभळं काहीही नको, कारण आत गेल्यावर ते रक्तासारखं दिसतं. हे ऐकल्यावर बाबांना काय आनंद! लाल नको म्हणजे नेमका कोणता लाल? नारिंगी चालेल का? नारिंगी म्हटलं तरी त्यात लाल असतोच की. आणि पारदर्शक म्हणजे काय? चहा पेल्यात धरून, खिडकीशी नेऊन, पलीकडचं झाड दिसतंय का बघत होते. म्हणाले, झाड दिसतंय, पानं दिसत नाहीत. तो चहा ओतून दिला!

आणि मग ती पावडर. मोठा जग भरून पाण्यात कालवायची आणि ठरावीक वेळाने पेला पेला करत संपवायची. अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. चव म्हणजे, बाबांच्या शब्दांत सांगते, समुद्राच्या पाण्यात कुणीतरी लिंबाची आठवण काढल्यासारखी. दोन पेले घेतले आणि म्हणाले, काहीच होत नाही. तिसरा पेला घेतला आणि वाक्य अर्धवट सोडून धावले. माझ्या वडिलांना मी आयुष्यात पहिल्यांदा धावताना पाहिलं.

त्यानंतर घराचा मुक्काम संडासाच्या दारात. मी स्टूल घेऊन बसले, आत्या भिंतीला टेकून बसली, हातात जग, आणि आतून बाबा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, शेवटी शेवटी नुसतं पिवळट पाणी पडायला पाहिजे, तळ दिसेल असं स्वच्छ. हे कुणाला सांगितलं? रंगवाल्याला! आतून बातम्या सुरू. अजून मातकट आहे. आता ओल्या वाळूसारखा. आता गव्हाळ. आणि मग एकदम अभिमानाने, वाळवंटातली दुपार. मी म्हटलं, बाबा, पिवळं झालंय का नुसतं सांगा. तर आतून उत्तर, पिवळं म्हणजे कोणतं, पिवळ्याची दोन पानं आहेत. आणि आत्या, जिला इतकी वर्षं 'तिकडे' म्हणतानासुद्धा लाजायला व्हायचं, ती दाराला कान लावून विचारतेय, अरे, मघाशी गव्हाळ होता तो गेला का रे? मी दोघांमध्ये बसले होते आणि मला हसावं की डोकं आपटावं कळत नव्हतं. पहाटे शेवटचा पेला झाल्यावर बाबा दार उघडून बाहेर आले, थकून गेलेले, पण चेहऱ्यावर समाधान, आणि म्हणाले, एकसारखा उतरलाय, डाग नाही.

हॉस्पिटलात त्यांना गाऊन दिला, मागून उघडा असतो तो. बाबा दोन्ही हातांनी तो मागे आवळून धरून, पाठ भिंतीला लावून, खेकड्यासारखे आडवे चालत खाटेपर्यंत आले. नर्सने चष्मा मागितला, घड्याळ मागितलं, ते सगळं माझ्या हातात आलं. सुई लावायला हात मागितला तर एक सुटला, दुसऱ्या हातावर सगळी इभ्रत. मी म्हटलं, बाबा, झोपा आता, झोपल्यावर काही दिसत नाही. झोपले. चादर हनुवटीपर्यंत.

आणि मग, मला तोंड होतं म्हणून मी विचारलंच. नर्स पलीकडे गेली होती, आत न्यायला वेळ होता. मी म्हटलं, बाबा, खरं सांगा. थंडीपासून रक्त जात होतं. एकदाही सांगावंसं वाटलं नाही मला?

छताकडे बघत म्हणाले, "तू चिडतेस."

मी! मी चिडते! मी तोंड उघडलं, की मी कधी, केव्हा, एक तरी प्रसंग सांगा… आणि ते म्हणाले, "चिडलीस की अगदी आईसारखी दिसतेस. मग मला खोटं बोलता येत नाही."

नर्स आली, खाटेची चाकं सोडली, आणि दार बंद झालं तरी माझं ते वाक्य अर्धंच होतं. हातात चष्मा. आई गेली तेव्हा मी लहान होते, मला ती नीट आठवतसुद्धा नाही. चिडायची हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर बाकावर आत्या. ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं काही म्हणतेय. कान दिला तर बाबांच्या लहानपणीच्या खोड्या मोजत होती, एकेक, आठवून आठवून, आणि प्रत्येकीनंतर म्हणत होती, तेव्हाही काही झालं नाही. झाडावरून पडला, तेव्हाही काही झालं नाही. रॉकेल प्यायला, तेव्हाही काही झालं नाही. मी तिचा हात धरला. तिनेही धरू दिला. त्या हॉलमध्ये सगळे असेच बसलेले होते, कुणाचं ना कुणाचं काही ना काही हातात घेऊन, आणि दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वर.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, एक गाठ सापडली. डाव्या बाजूच्या वळणावर, द्राक्षाएवढी, देठावर लोंबणारी. तीच घासून रक्त येत होतं. तारेच्या फासाने देठासकट काढून टाकली, बाकी सगळं आतडं स्वच्छ आहे, निरोगी आहे. गाठ तपासायला पाठवलीय, दिसायला तरी साधी वाटते, पण रिपोर्ट येईपर्यंत मी काही म्हणणार नाही. आणि तयारी फार सुंदर केली होती, म्हणाल्या, इतकं स्वच्छ आतडं रोज बघायला मिळत नाही. हे मी बाबांना सांगायला नको होतं. अजून गिऱ्हाइकांना सांगतात.

बाबा त्या औषधाच्या गुंगीत होते. डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय? मी कुठे आहे? नाही. काय सापडलं? नाही. म्हणाले, ही समोरची भिंत प्रायमर न लावता रंगवलीय. नर्स म्हणाली, आजोबा, तपासणीसाठी आत हवा भरलेली असते, ती जाऊ द्या, लाजू नका. आता माझे बाबा. ज्यांना मी कधी ढेकर देताना ऐकलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि मग निसर्गाने कुणाकडेच बघितलं नाही. आत्या तत्काळ खिडकीशी गेली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, आज ऊन काय पडलंय बाई. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. त्या दिवशी आत्याने उन्हाबद्दल जितकं बोलून घेतलं तितकं हवामान खात्याने वर्षभरात बोलू नये.

आणि द्राक्षाची हकिगत ऐकल्यावर बाबा विचार करून म्हणाले, डाव्या वळणावर, म्हणजे फार लांब नाही, मी अर्धा तरी बरोबर होतो. मी चिडलेली… जाऊ दे.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी कुणाशी भांडलं नाही. त्यावरूनच तुम्ही ओळखा. मी हळू बोलत होते. आत्या मला मोठ्याने बोल म्हणत होती. बाबा दुकानात जाऊन येत, पण गिऱ्हाइकांना मशीनवरचाच रंग देत होते, मान वर न करता. मग फोन आला. कॅन्सर नव्हता. पण ती गाठ तशीच ठेवली असती तर काही वर्षांनी झाला असता, त्या जातीचीच होती. आता तीन वर्षांनी पुन्हा बघायचं, आणि सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही आपापल्या डॉक्टरांना हे सांगून ठेवायचं. सख्खी भावंडं म्हटल्यावर आत्या उठून कणीक मळायला गेली. तिच्याशी माझं युद्ध वेगळं चालू आहे.

बाबांनी मात्र फोन ठेवला, शर्ट घातला आणि दुकानात गेले. मी तरी काय अपेक्षा करत होते? मिठी?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर माझ्या खोलीतलं सामान मधोमध गोळा केलेलं, वर जुन्या चादरी, आणि बाबा शिडीवर. भिंती… आता काय सांगू तुम्हाला. इतका सुंदर गुलाबी मी पाहिला नव्हता. कोवळा, किंचित जर्दाळूकडे झुकणारा, आणि वर अशी हलकी ओलसर चकाकी की भिंत श्वास घेतेय असं वाटावं. माझ्या वडिलांनी मला न विचारता माझी खोली रंगवली होती आणि मी चिडले नाही! खरंच नाही. माझे डोळे भरून आले. मी विचारलं, बाबा, या शेडचं नाव काय?

बाबा शिडीवरून उतरले, हात पुसले, आणि खिशातून एक फोटो काढला. हॉस्पिटलवाले रिपोर्टबरोबर आतले फोटो छापून देतात, रंगीत. त्यातला एक. म्हणाले, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, बाकी सगळं निरोगी आहे. निरोगी असं दिसतं, बघ. मशीनला जमत नव्हता, हाताने केला."

रंगाचे दोन हात मारून झाले होते. तिसरा चालू होता.

आता येणारे-जाणारे खोलीत डोकावतात, थबकतात, म्हणतात, अगं, काय रंग आहे, आत शिरलं की कसं सुरक्षित वाटतं, कुठल्या कंपनीचा? बाबा सांगायला तोंड उघडतात आणि मी चहा विचारते. आणि खोटं कशाला बोलू, झोपही छान लागते. लोकांच्या मुली वडिलांच्या छत्राखाली राहतात. मी आतड्यात राहते.